हरणांसाठी पेरलेली शेते

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील राज्यांत आणि टेक्सासमध्ये, जंगलाच्या कडेला छोटी छोटी शेते दिसतात. त्यांत गहू, ओट, क्लोव्हर, सलगम किंवा चवळी उभी असते. पण त्या पिकाची कापणी कधीच होत नाही. ते पेरलेले असते हरणांनी खावे म्हणून. अशा शेताला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. मराठीत त्याला चारापट्टा म्हणता येईल. पाव एकरापासून चार-पाच एकरांपर्यंत त्याचा आकार असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या कडेला शिकाऱ्याचे मचाणही असते.

या प्रथेच्या मुळाशी मालकीची एक विशिष्ट व्यवस्था आहे. अमेरिकेत जमीन खासगी असू शकते, पण त्या जमिनीवरून चालणारे रानटी हरीण सर्व जनतेचे मानले जाते आणि राज्य सरकार त्याचे विश्वस्त असते. जमीनमालक हरीण विकत घेऊ शकत नाही की त्याला आपले म्हणू शकत नाही. त्याच्या हाती असते ती फक्त माती. त्यामुळे हरीण आपल्या हद्दीत यावे, राहावे आणि धष्टपुष्ट व्हावे असे वाटत असेल, तर जमिनीत काहीतरी पेरणे हाच त्याच्यापुढचा सरळ मार्ग असतो. चारापट्ट्याचा इतिहास हा या मार्गाचा इतिहास आहे.

आगीने तयार केलेली कुरणे

हरणांना चाऱ्याने ओढून आणण्याची कल्पना मात्र या कायद्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. ईशान्य अमेरिकेतील मूळ रहिवासी ठरावीक हंगामांत जंगलाच्या तळाला आग लावत. विल्यम वुड आणि टॉमस मॉर्टन या इंग्रजांनी न्यू इंग्लंडविषयी अनुक्रमे १६३४ आणि १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या जाळण्याचे वर्णन आहे. आगीत झुडपे व पालापाचोळा जळे, मोठी झाडे टिकून राहत आणि राखेतून कोवळे कोंब फुटत. त्या कोंबांवर हरणे येत. मोकळ्या झालेल्या रानात चालणे आणि नेम धरणेही सोपे जाई.

ही युक्ती हरणाच्या पोटाशी नेमकी जुळणारी होती. पांढऱ्या शेपटीचे हरीण गायीसारखे गवत ओरबाडत फिरत नाही. ते वेचून खाते: शेंडे, कळ्या, कोवळी पाने, रानफळे, ओकची फळे. शरीराच्या मानाने त्याचे पोट लहान असल्यामुळे जाडाभरडा चारा त्याला पचत नाही. लवकर पचणारे, प्रथिनयुक्त अन्न लागते. असे अन्न जमिनीपर्यंत ऊन पोहोचते तिथेच उगवते. घनदाट जुन्या अरण्याच्या तळाशी सावली फार, म्हणून तोंडाच्या उंचीवरचा चारा कमी. जमिनीवर ऊन पाडणारी प्रत्येक गोष्ट, मग ती आग असो, कुऱ्हाड असो की नांगर, हरणांना बोलावते.

युरोपातील हरण-उद्याने

युरोपात हरणांना चारा पुरवण्याची परंपरा वेगळ्या वाटेने वाढली. नॉर्मन राजांनी १०६६ नंतर इंग्लंडमध्ये मोठी वने शाही शिकारीसाठी राखून ठेवली. सरदारांनी खंदक आणि लाकडी कुंपण घालून हरण-उद्याने उभारली. हिवाळ्यात चारा कमी पडला की उद्यानाचे राखणदार झाडांच्या डहाळ्या तोडून जमिनीवर टाकत आणि साठवलेले वाळके गवत घालत. तिथे हरीण ही मालकाची संपत्ती होती. सामान्य माणसाने ते मारणे हा गुन्हा होता आणि त्याला कडक शिक्षा होई.

जर्मन भाषक प्रदेशांत जंगलातला एखादा तुकडा नांगरून तो रानजनावरांसाठी पेरण्याची पद्धत रूढ झाली. १८४८ च्या क्रांतीनंतर तिथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. लहान शेतकरी आपापल्या जमिनी एकत्र करून शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने देऊ लागले आणि तो घेणाऱ्यावर जनावरांची निगा राखण्याचे कर्तव्य आले. हिवाळ्यातला चारा हा त्या कर्तव्याचाच भाग होता.

संहार आणि कायदा

अमेरिकेत आलेल्या वसाहतकारांनी राजाची वने मागे ठेवली होती. इथे शिकार कुणालाही खुली होती आणि तिचे परिणाम लवकरच दिसू लागले. हरणांचे कातडे हा दक्षिणेकडील वसाहतींचा मोठा व्यापार बनला. एकट्या चार्ल्सटन बंदरातून १६९९ ते १७१५ या काळात वर्षाला सरासरी सुमारे ५४,००० कातडी इंग्लंडला गेली. ही शिकार मुख्यतः मूळ रहिवासी करत आणि बदल्यात बंदुका, कापड, भांडी घेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, शहरांच्या बाजारात हरणाचे मांस विकले जाऊ लागले, जंगले तोडून शेती झाली. युरोपीय येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची दोन-तीन कोटी हरणे असावीत असा अंदाज केला जातो. १९०० च्या सुमारास ती पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली. अनेक राज्यांत हरीण दिसणे ही बातमी ठरू लागली.

याच वेळी कायद्याची घडी बसली. १८९६ साली गीअर विरुद्ध कनेटिकट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रानटी प्राण्यांवरील राज्याचा अधिकार जनतेच्या वतीने मान्य केला. त्या निकालातील काही भाग पुढे १९७९ साली रद्द झाला, पण वन्यजीव ही जनतेची ठेव आहे हे तत्त्व कायम राहिले. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री करण्यास बंदी घातली. मांसाचा बाजार बंद झाला, शिकारीचे हंगाम आणि संख्या ठरली.

आधी लावा, मग हरीण

वन्यजीवांसाठी पेरणी करण्याचे शास्त्र अमेरिकेत प्रथम हरणासाठी नव्हे, तर बॉबव्हाइट लावा या छोट्या पक्ष्यासाठी विकसित झाले. जॉर्जियातील टॉमसव्हिल आणि फ्लोरिडातील टॅलाहासी यांच्यामधल्या टेकड्यांवर उत्तरेकडील धनिकांनी शिकारीसाठी मोठमोठ्या जमिनी घेतल्या होत्या. तिथे लाव्यांची संख्या घटू लागली, तेव्हा १९२४ मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड यांच्याकडे अभ्यासाचे काम सोपवले गेले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने दोन उपाय ठामपणे पुढे आणले: पाइनच्या रानात नियंत्रित आग लावणे आणि दाण्यांसाठी छोटे छोटे तुकडे पेरणे. त्या काळी सरकारी वनखाते आगीला सरसकट शत्रू मानत असे, त्यामुळे पहिला उपाय धाडसी होता. दुसरा शेतकऱ्यांना सहज पटला.

१९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांचे शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील पुस्तक आले. कुऱ्हाड, नांगर, गुरे, आग आणि बंदूक यांनी वन्यजीवांचा नाश केला असला, तरी तीच साधने विचारपूर्वक वापरली तर त्यांची पुन्हा वाढ करता येते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. जंगल आणि मोकळी जागा जिथे भेटतात त्या किनारीचे महत्त्वही त्यांनी दाखवून दिले. पुढे चारापट्टे लांबट आणि वळणदार आखले जाऊ लागले, ते याच विचारातून.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या मृदसंधारण सेवेने धूप थांबवण्याबरोबरच पक्ष्यांसाठी लेस्पेडेझासारख्या शेंगवर्गीय झुडपांची लागवड आग्नेयेकडील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवले. या पैशांतून जमिनी घेतल्या गेल्या, जीवशास्त्रज्ञ नेमले गेले आणि ज्या राज्यांत हरणे शिल्लक होती तिथून ती पकडून रिकाम्या रानांत सोडली गेली. विस्कॉन्सिन आणि टेक्सासमधली हरणे दक्षिणेकडील अनेक राज्यांत पोहोचली.

उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत आर्थर वुडी या वनरक्षकाने हे काम केंद्रीय निधी येण्यापूर्वीच सुरू केले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने काही पाडसे मिळवून वाढवली आणि रानात सोडली. १९४१ साली त्याच भागात हरणांच्या नियंत्रित शिकारीला परवानगी देता येईल इतकी त्यांची संख्या झाली.

सोडलेली हरणे टिकावीत म्हणून राज्यांनी सरकारी जंगलांत मोकळ्या जागा राखल्या. तोडलेल्या लाकडाच्या साठवणीची ठिकाणे, वापरात नसलेले लाकूडवाहतुकीचे रस्ते, विजेच्या तारांखालची पट्टी अशा जागी राय, गहू आणि क्लोव्हर पेरले जाऊ लागले. आजच्या चारापट्ट्याची रीतसर सुरुवात इथे झाली.

पोटभर चारा, तरी उपासमार

नुसता चारा घालून भागत नाही, हे त्याच काळात कटू अनुभवांनी शिकवले. अ‍ॅरिझोनातील कायबाब पठार १९०६ मध्ये शिकारीसाठी बंद झाले, तिथले पुमा आणि लांडगे मारले गेले. तिथली खेचरकानी हरणे वाढत गेली, त्यांनी जंगलाचा खालचा सगळा पाला संपवला आणि १९२० च्या दशकातील हिवाळ्यांत ती मोठ्या संख्येने मेली. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात गवताच्या पेंढ्या टाकूनही हरणे मेली. पोट गवताने भरलेले असूनही त्यांची उपासमार झाली होती, कारण डहाळ्यांवर जगणाऱ्या त्यांच्या जठराला तो चारा पचत नव्हता.

लिओपोल्ड १९३५ मध्ये जर्मनीला गेले, तेव्हा त्यांनी या प्रश्नाचे टोक पाहिले. एकाच जातीच्या स्प्रूसची दाट लागवड, तिच्याखाली उजाड जमीन आणि माणसाने घातलेल्या चाऱ्यावर जगणारी भरपूर हरणे, असे ते चित्र होते. चारा घालत राहिल्याने हरणांची संख्या रानाच्या कुवतीपलीकडे टिकते आणि त्याची किंमत रोपट्यांना व रानफुलांना मोजावी लागते, हा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला. तो आजही लागू पडतो.

टेक्सासचा विचार आणि बियाण्याचा धंदा

दुसऱ्या महायुद्धानंतर हरणे झपाट्याने वाढली. ओसाड पडलेली शेते झुडपांनी भरली, शिकारीचे हंगाम कडक होते आणि दक्षिणेत आणखी एक अडसर दूर झाला. स्क्रूवर्म नावाच्या माशीच्या अळ्या नवजात पाडसांच्या नाळेच्या जखमेत शिरून त्यांचा जीव घेत. निर्बीज केलेले नर सोडून ही माशी १९५९ पर्यंत आग्नेयेकडून आणि नंतर टेक्सासमधूनही हटवली गेली. पाडसे वाचू लागली. प्रश्न उलटा झाला: हरणे पुष्कळ, पण खुरटी. नरांची शिकार दीड वर्षाच्या वयातच होई आणि माद्यांना हात न लावण्याची जुनी रीत चालूच होती.

अल ब्रदर्स आणि मर्फी रे या टेक्सासमधील दोन जीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये यावर पुस्तक लिहिले. कोवळे नर मारू नका, माद्यांची संख्या आटोक्यात ठेवा, चारा सुधारा आणि नोंदी ठेवा, असा त्यांचा उपदेश होता. त्यातून दर्जेदार हरण-व्यवस्थापनाची चळवळ उभी राहिली. साउथ कॅरोलायनातील जीवशास्त्रज्ञ जो हॅमिल्टन यांनी १९८८ मध्ये तिची संघटना स्थापन केली. आपल्या जमिनीवरील हरणांचे वजन, वय, शिंगांचा घेर मोजून वहीत लिहिणारा शिकारी-शेतकरी या चळवळीने घडवला.

त्याच वर्षी अलाबामात बियाण्याचा धंदा उभा राहिला. बास माशांच्या गळ-स्पर्धांचे प्रवर्तक म्हणून देशभर माहीत असलेल्या रे स्कॉट यांच्या लक्षात आले होते, की हरणे इतर हिरवी शेते ओलांडून एका विशिष्ट क्लोव्हरच्या तुकड्यावर जातात. ऑबर्न विद्यापीठातील वनस्पती-प्रजननतज्ज्ञ वायली जॉन्सन यांच्या मदतीने त्यांनी खास हरणांसाठी क्लोव्हरचे बियाणे बाजारात आणले. तोपर्यंत लोक गुरांच्या चाऱ्याचेच बी हरणांसाठी वापरत. आता पिशवीवर शिंगवाल्या नराचे चित्र असलेले बियाणे दुकानात दिसू लागले. पाठोपाठ छोटे ट्रॅक्टर, चारचाकी मोटरगाडीला जोडायचे कुळव आणि पेरणीयंत्रे आली. १९८५ च्या कृषी कायद्याने धुपीची जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देणारी योजना आणली होती. तिच्यातही वन्यजीवांसाठी छोटे चारापट्टे पेरण्याची सोय होती.

एका चारापट्ट्याचे वर्ष

जॉर्जिया किंवा अलाबामातील लाल माती आम्लधर्मी असते, म्हणून काम माती-परीक्षणाने सुरू होते. क्लोव्हरला सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो. तो कमी असेल तर एकरी टन-दोन टन चुना घालून कुळवणी करतात. चुन्याचा परिणाम व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच उरकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गहू किंवा ओट आणि क्लोव्हर एकत्र पेरतात. क्लोव्हरच्या बियाण्याला नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक चोळतात. बी मोहरीहूनही बारीक, त्यामुळे ते खोल गाडत नाहीत. वरच्यावर पसरून रूळ फिरवतात.

गहू आठवड्याभरात उगवतो आणि शिकारीच्या हंगामात हिरवा राहतो. क्लोव्हर हिवाळाभर मुळे धरते आणि वसंतात जोमाने वाढते. नेमक्या तेव्हा माद्या गाभण असतात आणि नरांना नवी शिंगे फुटू लागलेली असतात. ही शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. वाढीच्या काळात त्यांना मोठ्या प्रमाणात प्रथिने व खनिजे लागतात. उत्तरेकडील थंड राज्यांत सलगम व त्याच्या कुळातली पिके पेरतात. कडक थंडी पडली की त्यांच्या पानांतली साखर वाढते आणि तोवर दुर्लक्षित राहिलेल्या पट्ट्यावर हरणे तुटून पडतात.

पट्ट्याच्या मधोमध तारेच्या जाळीचा एक उंच पिंजरा ठोकलेला असतो. त्याच्या आत हरणाचे तोंड पोहोचत नाही. महिन्याभराने आतले क्लोव्हर गुडघ्याला लागते आणि बाहेरचे जमिनीबरोबर झालेले असते. बाहेर काहीच दिसत नाही म्हणून पीक उगवलेच नाही असा समज होऊ शकतो. पिंजऱ्यामुळे खरा हिशेब कळतो. आतबाहेरचा फरक फार असेल, तर पट्टा लहान आहे किंवा हरणे जास्त आहेत.

उन्हाळी पट्ट्यांतील पिके मराठी शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत. दक्षिणेकडील राज्यांत हरणांसाठी वाल, चवळी, ज्वारी आणि तागही पेरतात. वाल प्रथिनांनी समृद्ध आणि उन्हाला दाद न देणारा, म्हणून टेक्सासमध्ये त्याला मान आहे. पण कोवळा असताना हरणांनी खाल्ला तर तो पुन्हा उभा राहत नाही. त्यामुळे रोपे जोर धरेपर्यंत विजेच्या तारेचे कुंपण घालतात. टेक्सासमध्ये हे पीक खाणाऱ्यांत भारतीय पाहुणेही आहेत. तिथे १९३२ च्या सुमारास आणलेले चितळ आणि दक्षिण टेक्सासमधील नीलगायी आता मोकळ्या रानात वाढतात आणि स्थानिक हरणांच्या चाऱ्यात वाटेकरी झाल्या आहेत.

आमिष आणि पीक

मक्याचा ढीग टाकून हरणांना बोलावणे आणि मका पेरून बोलावणे यांत अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कायदे फरक करतात. ओतलेले धान्य हे आमिष ठरते आणि अनेक ठिकाणी त्यावर शिकार करण्यास बंदी किंवा निर्बंध आहेत. जमिनीत उगवलेले पीक मात्र शेतीचा भाग मानले जाते. जमीन ज्याची, तिच्यात काय पेरायचे हा निर्णय त्याचा, या तत्त्वावर हा फरक उभा आहे.

रोगाच्या प्रश्नाने या फरकाला नवे वजन आले. हरणांना खंगवून मारणारा, मेंदूचा एक रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सजवळच्या संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला. संशोधक एलिझाबेथ विल्यम्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे स्वरूप ओळखले. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे मिसिसिपीच्या पूर्वेला, सापडला आणि तिथे आमिषांवर निर्बंध आले. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून तो पसरतो, त्याला कारणीभूत असलेले प्रथिन मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि त्यावर औषध नाही. एका ढिगावर तोंडे जुळतात, तशी पसरलेल्या पिकावर जुळत नाहीत. तरीही एकाच छोट्या पट्ट्यावर दररोज येणारा कळप हा धोका पूर्णपणे टाळत नाही.

पेरणीचे इतर तोटेही आता स्पष्ट झाले आहेत. मृदसंधारणाच्या काळात वन्यजीवांसाठी लावलेली लेस्पेडेझा आणि ऑटम ऑलिव्हसारखी परदेशी झुडपे शेताबाहेर पसरून आक्रमक तण बनली. हरणांची संख्या जिथे अधिक आहे तिथे ओकची रोपे आणि रानफुले वर येण्याआधीच खाल्ली जातात. म्हणून अनुभवी तज्ज्ञ चारापट्टा एकूण जमिनीच्या काही टक्क्यांपुरताच ठेवायला सांगतात. उरलेल्या रानात दाट झाडांची विरळणी आणि नियंत्रित आग यांनी स्थानिक वनस्पती वाढवाव्यात आणि माद्यांची संख्या शिकारीने आटोक्यात ठेवावी, असा त्यांचा सल्ला असतो.

महाराष्ट्रातील कुरणे

महाराष्ट्रात हरणांसाठी चारा वाढवण्याचे काम चालते, पण त्याची घडी वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि इथली जंगले मुख्यतः सरकारी आहेत. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड ही गावे आणि ताडोबातील नवेगाव, जामणी ही गावे पुनर्वसित झाल्यावर त्यांची शेते व्याघ्र प्रकल्पांत कुरणे झाली. तरोटा, रानतुळस, घाणेरी उपटून तिथे मारवेल, पवना, शेडा यांसारख्या स्थानिक गवतांना वाव दिला जातो. चितळ आणि सांबर वाढावेत आणि त्यांवर वाघ जगावा, हा हेतू. प्रकल्पाबाहेरच्या खासगी शेतात मात्र हेच प्राणी, रोही आणि रानडुकरे यांच्यासह, नुकसान करणारे ठरतात आणि शेतकरी रात्रभर राखण करतो. हरणाच्या येण्याने अमेरिकेतील जमीनमालकाला शिकार मिळते, जमिनीचे मोल वाढते; इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पंचनामा आणि भरपाईचा अर्ज येतो.

आज अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची सुमारे तीन कोटी हरणे आहेत. त्यांना वाचवण्याचे श्रेय चारापट्ट्यांपेक्षा बाजारबंदी, शिकारीचे नियम, हरणांचे पुनर्वसन आणि वाढलेली झुडपी राने यांना अधिक आहे. चारापट्ट्याने वेगळे काम केले: सार्वजनिक प्राण्याच्या निगेत खासगी जमीनमालकाला सामील करून घेतले, त्याला मातीचा सामू आणि हरणाचे वय मोजायला शिकवले. जिथे पेरणीबरोबर हरणांची संख्या आणि भोवतालचे रान यांचाही हिशेब ठेवला गेला, तिथे हा उपाय लाभदायक ठरला. जिथे तो हिशेब सुटला, तिथे कायबाब, विस्कॉन्सिन आणि जर्मनीतील जंगलांनी दिलेला धडा पुन्हा शिकावा लागला.